‘साइट उघडत नाहीये’ : डीएनएसचा गुंता सोडवायला मी कसा शिकलो

२०१४ची गोष्ट. पुण्यात पहिली नोकरी, लिनक्स अ‍ॅडमिन म्हणून जेमतेम चौथा महिना. शुक्रवारी संध्याकाळी एका ग्राहकाच्या तक्रारीचं तिकीट आलं: दुकानाची साइट उघडते, पण पैसे भरायच्या पानावर अडकते, कधी जातं, कधी जात नाही. सीपीयू पाहिला, मेमरी पाहिली, डिस्क पाहिली. सगळं निवांत. मग नवशिक्याने जे करायचं ते केलं, सर्व्हर रीबूट केला. काही फरक नाही.

डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेची, शंका मला आली नव्हती असं नाही. कुठेतरी वाचलेली, डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड आठवली, ‘डिग’ला @८.८.८.८ जोडून पेमेंट गेटवेचं नाव विचारलं. वीस-बावीस मिलिसेकंदांत उत्तर. ‘डीएनएस ठीक आहे’ असं तिकिटावर लिहून मोकळा झालो. ते वाक्य सिनियरनी नंतर बरेच महिने माझ्या तोंडावर फेकलं, आणि बरोबरच होतं. मी गूगलच्या सर्व्हरला विचारलं होतं. आमचा सर्व्हर गूगलला विचारतच नव्हता.

सिनियर जेवण करून आले. म्हणाले, ‘‘किती वेळ अडकतंय?’’

‘‘बराच, सर.’’

‘‘बराच म्हणजे घड्याळात किती?’’

मोजलं. ५.०१ सेकंद. पुन्हा मोजलं, ५.०२. ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, ‘‘नेटवर्क खराब असेल तर आकडा हलतो, कधी दोन, कधी सात. नेमके पाच येतायत म्हणजे ते कोणीतरी लिहून ठेवलेले पाच आहेत.’’

लिहून ठेवलेलेच होते. ईटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत नेमसर्व्हरचे, म्हणजे नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते असतात, जास्तीत जास्त तीन वापरले जातात, आणि लिनक्सची जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम वापरतात ती पायाभूत लायब्ररी) त्यांना वरून खाली क्रमाने विचारते. पहिल्याने उत्तर दिलं नाही तर थांबायचं किती, तर आपण काही बदललं नसेल तर ५ सेकंद. मग दुसऱ्याकडे. आमच्या फाइलीतला पहिला पत्ता एका जुन्या अंतर्गत मशीनचा होता, आणि ते मशीन त्याच दुपारी दुसऱ्या टीमने कायमचं बंद केलं होतं. तशी मेल आली होती. मी ती उघडली नव्हती.

म्हणजे प्रत्येक व्यवहाराला साइट चालवणारं पीएचपी आधी मेलेल्या मशीनला हाक मारायचं, पाच सेकंद वाट पाहायचं, मग दुसऱ्याकडून पत्ता घेऊन गेटवेकडे जायचं. कधी तेवढ्यात पुढची वेळमर्यादा संपायची, म्हणून ‘कधी जातं, कधी जात नाही’. आणि खूण तर माझ्या नाकासमोर होती. त्या संध्याकाळी एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिन करतानाही पासवर्ड विचारायला उशीर होत होता. तेव्हाचं ओपनएसएसएच येणाऱ्याच्या आयपीवरून उलटं नाव शोधायचं (२०१५च्या ६.८ आवृत्तीपासून ते मुळात बंद असतं). मला वाटलं, ऑफिसचं नेट स्लो आहे.

पहिली ओळ काढली. साइट तरीही अडकत राहिली! कारण त्या काळची जीलिबसी चालू प्रोसेसमध्ये ही फाइल पुन्हा वाचत नव्हती. २०१७मधल्या २.२६ आवृत्तीपासून ती आपणहून वाचते. पीएचपीची प्रोसेस रीस्टार्ट केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आणि सोमवारी सकाळी रीबूटनंतर ती ओळ पुन्हा हजर, कारण डीएचसीपीने, म्हणजे मशीनला आयपी आणि नेमसर्व्हर आपोआप देणाऱ्या सेवेने, फाइल नव्याने लिहिली होती. हाताने केलेली दुरुस्ती टिकणार आहे का, हे फाइल कोण लिहितंय त्यावर ठरतं. आजच्या उबुंटूत तर ती फाइल बहुतेकदा नुसती लिंक असते आणि आत १२७.०.०.५३ एवढाच पत्ता दिसतो. तो सिस्टमडी-रिझॉल्व्हडचा, म्हणजे घरातल्याच मध्यस्थाचा. तो पुढे कोणाला विचारतो हे बघायला ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ चालवायचं.

तेव्हापासून मी दोनच गोष्टी आधी शोधतो: प्रोग्रॅमने कोणाला विचारलं, आणि उत्तर कोणी दिलं. ‘डिग’च्या उत्तरात शेवटी ‘सर्व्हर’ अशी एक ओळ असते, नवी मुलं ती कधीच वाचत नाहीत. मी आधी ती वाचतो, मग वरचं उत्तर.

उत्तर काय आलं, यातही फरक आहे. पेठेतल्या वाड्याच्या दारात जाऊन कोणाचं घर विचारल्यासारखं समजा. ‘‘या नावाचं इथे कोणी राहत नाही,’’ असं ठणकावून सांगितलं तर तो एनएक्सडोमेन. नाव चुकलंय किंवा त्या नावाची एकही नोंद (रेकॉर्ड) नाही, नेटवर्ककडे बघायची गरज नाही. ‘‘राहतात, पण तुम्ही म्हणताय ते त्यांच्याकडे नाही,’’ म्हणजे नोएरर आणि उत्तराची जागा रिकामी. बहुधा आयपीव्ही६चा रेकॉर्ड मागितलात आणि आहे फक्त आयपीव्ही४चा. ‘‘तुम्हाला का सांगू?’’ हे रिफ्यूज्ड. सर्व्हर जिवंत आहे, तुमच्या आयपीला परवानगी नाही. ‘‘चौकशी केली हो, पण काही जमलं नाही,’’ हे सर्व्हफेल. इथे दुखणं विचारलेल्या सर्व्हरच्याही पलीकडे असू शकतं. डीएनएससेकचा (उत्तरावरची डिजिटल सही तपासायची पद्धत) संशय असेल तर ‘डिग’ला +सीडी जोडून पुन्हा विचारा, तसं उत्तर आलं तर सही पडताळताना अडतंय, आणि मग रिझॉल्व्हरच्या, म्हणजे आपल्यासाठी उत्तर शोधणाऱ्या सर्व्हरच्या, मशीनचं घड्याळसुद्धा बघून घ्या. आणि दार उघडलंच नाही तर टाइमआउट. तेव्हा मात्र फायरवॉल, राउटिंग आणि डीएनएसचं पोर्ट ५३ बघा. डीएनएसची विचारणा यूडीपी आणि टीसीपी अशा दोन मार्गांनी जाते, आणि तिथे यूडीपी उघडं आणि टीसीपी बंद असं हमखास सापडतं: छोटी उत्तरं येतात, मोठी कापली जाऊन टीसीपीवर जायला बघतात आणि लटकतात.

प्रोग्रॅमच्या लॉगमध्येही हाच भेद असतो. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ म्हणजे उत्तर मिळवताच आलं नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ म्हणजे असं नाव नाही असं उत्तर मिळालं. दोन्हींना ‘डीएनएस एरर’ म्हणून एकाच तिकिटात टाकणाऱ्याला मी ते परत पाठवतो.

दुसरा धडा जास्त लाजिरवाणा. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, ‘डिग’ सगळीकडून नवा पत्ता दाखवतंय, आणि एकच मशीन हट्टाने जुन्याकडे जातंय. दोन तास गेले. शेवटी ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलीत (नाव आणि पत्ता यांच्या हाताने लिहिलेल्या जोड्या) ओळ सापडली, चाचणीसाठी मीच टाकलेली. ‘डिग’ होस्ट्स फाइल वाचतच नाही, ते थेट डीएनएसला विचारतं. प्रोग्रॅम मात्र एनएसस्विच डॉट कॉन्फमधल्या क्रमाने जातो, आणि तिथे बहुधा आधी फाइल, मग डीएनएस असं असतं. म्हणून प्रोग्रॅमच्या नजरेने बघायचं असेल तर ‘गेटेंट एहोस्ट्स’ आणि पुढे नाव. ‘गेटेंट’ आणि ‘डिग’ वेगळं बोलत असतील तर दोष बहुतेक याच मशीनवर आहे. तिथे नाही सापडला तर प्रोग्रॅमच्या पोटात बघा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सीसाठी (विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवायला) कॉन्फिगमध्ये साधं लिहिलेलं नाव सुरू होताना एकदाच शोधतो आणि रीलोड करेपर्यंत तोच पत्ता धरून बसतो.

टीटीएलबद्दल, म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं त्या आकड्याबद्दल, थोडं. ग्राहकाला ‘प्रोपगेशनला २४ ते ४८ तास लागतील’ सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते आवडत नाही. काहीही कुठे पसरत नसतं. लोकांनी जपून ठेवलेलं जुनं उत्तर शिळं व्हायची वाट आपण बघत असतो. टीटीएल ८६४०० असेल तर एक दिवस. साइट हलवायच्या किमान एक दिवस आधी ते ३००वर आणलं असतं तर पाच मिनिटांत बरंचसं काम झालं असतं. ‘नाही’ हे उत्तरही जपून ठेवलं जातं, किती वेळ ते झोनच्या (त्या डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या) एसओए नावाच्या रेकॉर्डवर ठरतं. त्यामुळे नवा रेकॉर्ड टाकायच्या आधी ‘आला का, आला का’ म्हणून विचारत बसू नका. तुम्हीच ‘नाही’ गोळा करून ठेवता. रेकॉर्ड टाकल्यावर तपासायचं ते थेट झोनच्या अधिकृत नेमसर्व्हरला विचारून.

मुलाखतीला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की व्याख्या पाठ करण्यापेक्षा घरी मोडतोड करा. व्हर्च्युअल मशीन घ्या, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये पहिला नेमसर्व्हर १९२.०.२.१ टाका. पत्त्यांचा तो पट्टा फक्त उदाहरणांसाठी राखलेला आहे, तिथून उत्तर येणार नाही. खाली दुसरा चालू पत्ता राहू द्या. आता ‘टाइम’ लावून ‘गेटेंट एहोस्ट्स’ चालवा. दुसऱ्या खिडकीत टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारी कमांड) पोर्ट ५३वर लावून ठेवा. पहिल्या पत्त्याकडे गेलेली विचारणा, मग शांतता, मग दुसऱ्याकडे गेलेली तीच विचारणा, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की विसरणार नाही.

झालं की ती ओळ काढून टाका. मी एकदा विसरलो होतो. आठवड्याने तेच मशीन एवढं रेंगाळतंय का म्हणून अर्धा तास पॅकेज अपडेटला शिव्या घालत होतो. मग घड्याळ लावलं. ५.०१.