उंचावरून शहर टिपण्यासाठी सोबती कसे जोडावेत

छत्रपती संभाजीनगराचे उंचावरून छायाचित्रण करायचे असेल, तर चार-पाच जणांचा गट सर्वांत सोयीचा ठरतो. कारण अंधार पडल्यावर ट्रायपॉड खांद्यावर घेऊन टेकडी उतरताना सोबत लागते आणि परक्या इमारतीची गच्ची उघडून मिळण्यासाठी गटातील कोणाची तरी तिथे ओळख असावी लागते. वीस-पंचवीस जणांचा जथा मात्र टाळावा.

असे सोबती इन्स्टाग्राम व फेसबुकवर सहज सापडतात. शहराच्या आणि बीबी का मकबऱ्याच्या हॅशटॅगखाली अलीकडे कोणी काय टिपले आहे ते पाहावे आणि फॉलोअरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून ज्यांचे काम मनापासून आवडले त्यांनाच संदेश पाठवावा. ‘हा फोटो कुठून काढला?’ हा पहिलाच प्रश्न पुष्कळांना खटकतो, आणि ते रास्तही आहे. त्याऐवजी स्वतःची चार छायाचित्रे पाठवून एकत्र जाण्याविषयी विचारावे. पहिली भेट क्रांती चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी, चहाच्या निमित्ताने घ्यावी, आणि पुढे जाताना घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवावे.

नव्या गटाने सुरुवात गोगाबाबा टेकडीपासून करावी, कारण तिथे कोणाच्या गच्चीची किल्ली मागावी लागत नाही. औरंगाबाद लेण्यांच्या डोंगरावरूनही मकबरा व त्यामागचे शहर एका चौकटीत येते. परंतु लेणी आणि देवगिरी किल्ला ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्मारके असल्याने ट्रायपॉडसाठी आधी परवानगी घ्यावी व बंद होण्याची वेळ विचारून घ्यावी.

उन्हाळ्यात धुळीमुळे दूरचे काहीच स्पष्ट दिसत नाही. पावसाची सर येऊन गेल्यानंतरची संध्याकाळ उत्तम. त्यातही सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे, म्हणजे आकाशात निळाई शिल्लक असते आणि दिवे लागलेले असतात तो वेळ, हातचा जाऊ देऊ नये. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 100, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) एफ/8 ठेवून शटर काही सेकंद उघडे ठेवावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि वाऱ्यात ट्रायपॉडची मधली दांडी वर न काढता तिला बॅग अडकवावी.

गटात कोणाकडे ड्रोन असेल, तर उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. ड्रोन नियम, 2021 प्रमाणे नकाशावरील हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मात्र चिकलठाण्याचे विमानतळ शहराला लागूनच असल्याने विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते आणि त्याहून जवळ आधी परवानगी आवश्यक ठरते.

गच्चीसाठी सोसायटीच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना आधी भेटून दिवस, वेळ आणि येणाऱ्यांची नावे लिहून द्यावीत; वॉचमनला हाताशी धरून वर जाणे कितीही सोपे असले तरी ते करू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे लोक गच्चीवर झोपतात, दिवसा कुरडया-पापड वाळत घालतात, तेव्हा शेजारच्या गच्चीवरील माणसांवर लांब पल्ल्याची लेन्स रोखू नये. छायाचित्र प्रसिद्ध करताना इमारतीचे लोकेशन काढून टाकावे आणि एक चांगली प्रत सचिवांना आवर्जून द्यावी. पुढच्या वेळी किल्ली मागताना तिचा उपयोग होतो.