'नमस्कार'चं 'स्कार' का होत होतं

बैठकीसाठी चार माइकचा छोटा ऑटोमिक्सर (जो बोलेल त्याचाच माइक आपोआप उघडणारं यंत्र) लावला आणि प्रत्येकाच्या पहिल्या शब्दाची सुरुवातच गायब! 'नमस्कार' म्हटलं की नुसतं 'स्कार' ऐकू यायचं. आधी केबलवर संशय घेतला, दोन बदलल्याही. दोष गेनमध्ये, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा त्या सेटिंगमध्ये होता; आवाज कमी पडला की माइक उशिरा उघडायचा. सगळे नॉब मी एकाच खुणेवर ठेवले होते, पण सगळे सारख्या आवाजात थोडेच बोलतात? मग ऑटो बंद करून एकेकाला नेहमीसारखं बोलायला लावलं, मीटर पाहून प्रत्येकाचा गेन वेगळा ठरवला आणि नंतरच ऑटो चालू केलं. उघडे माइक दुप्पट झाले की मिक्सर स्वतःच ३ डेसिबल आवाज उतरवतो, त्यामुळे चौघं एकदम बोलले तरी शिट्टी वाजली नाही. कंडेन्सर माइकला, म्हणजे चालायला वीज लागणाऱ्या माइकला, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) द्यायला मात्र मी अजूनही विसरतो.