ट्रकचालकाची इंग्रजी आणि कंपनीचं सुरक्षा-खातं: नोंद कशी वाचावी, कशी सावरावी

अमेरिकेत छोटी ट्रकिंग कंपनी चालवणारे किंवा भारतात रात्रपाळीला बसून अशा कंपनीचं सेफ्टीचं काम पाहणारे, या दोघांमध्येही एक समज घट्ट बसलेला आहे: रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी न आल्याबद्दल ड्रायव्हरवर नियमभंगाची नोंद झाली, ड्रायव्हरला काढून टाकलं, प्रश्न मिटला. तो मिटत नाही. तपासणीच्या दिवशी ट्रक ज्या कंपनीच्या यूएस-डॉट नंबरवर (सरकारी नोंदणी क्रमांकावर) धावत होता, तिच्या सरकारदरबारी असलेल्या सुरक्षा-खात्यात ही नोंद चोवीस महिने मोजली जाते. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे कामाला लागला तरीही.

आधी नियम नीट समजून घ्या

नियम नवा नाही. फेडरल नियमावलीच्या 391.11 या कलमात तो पूर्वीपासून आहे. ड्रायव्हरला लोकांशी बोलण्याइतपत, रस्त्यावरच्या पाट्या समजण्याइतपत, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याइतपत आणि अहवालात नोंदी करण्याइतपत इंग्रजी आली पाहिजे. बदलली ती अंमलबजावणी. 2016 च्या एका परिपत्रकामुळे केवळ या कारणासाठी ड्रायव्हरला थांबवून ठेवणं बंधनकारक नव्हतं. 28 एप्रिल 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर ते परिपत्रक मागे घेतलं गेलं आणि 25 जून 2025 पासून ही नोंद म्हणजे ‘आउट ऑफ सर्व्हिस’. ट्रक तिथेच उभा राहतो आणि तो पुढे न्यायला कंपनीला दुसरा ड्रायव्हर पाठवावा लागतो. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या ठरावीक व्यापारी पट्ट्यात मात्र नोंद होते, ड्रायव्हरला थांबवत नाहीत.

इन्स्पेक्टर आधी इंग्रजीत प्रश्न विचारतो. या मुलाखतीत दुभाषी, फोनवरचं भाषांतराचं ॲप, छापील कार्ड यांपैकी काहीच चालत नाही. उत्तरं पुरेशी आली तर पुढे रस्त्यावरच्या पाट्या ओळखायला सांगतात, त्यात अक्षरं बदलणारे इलेक्ट्रॉनिक फलकही असतात. मुलाखतीतच ड्रायव्हर अडला, तर पाट्यांपर्यंत जायची गरज उरत नाही.

मग आकडेमोड स्वतः करून पाहा

ट्रकिंगच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एफएमसीएसए या फेडरल संस्थेची गुण मोजण्याची पद्धत एसएमएस नावाने ओळखली जाते. तिच्या सात गटांपैकी ‘ड्रायव्हर फिटनेस’ या गटात ही नोंद पडते. तिचं वजन, म्हणजे गांभीर्याचे गुण, 4. आउट ऑफ सर्व्हिस झाल्यामुळे त्यात आणखी 2, म्हणजे 6. शिवाय नोंद किती ताजी आहे यावर गुणक लागतो: पहिल्या सहा महिन्यांत 3, पुढच्या सहा महिन्यांत 2 आणि त्यापुढे चोवीस महिन्यांपर्यंत 1. म्हणजे ताज्या नोंदीचे 18 गुण.

या 18 ला भागायचं असतं ते कंपनीच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या संबंधित तपासण्यांच्या काल-गुणकांच्या (वरच्या 3, 2, 1 च्या) बेरजेने. समजा, गेल्या सहा महिन्यांत कंपनीच्या 10 तपासण्या झाल्या आणि त्यांतल्या एकीत ही नोंद झाली. 18 भागिले 30, म्हणजे 0.6. आता सहा महिने उलटले आणि मधल्या काळात एकही नवी तपासणी झाली नाही असं धरा. नोंदीचे 12 गुण उरतील, पण तपासण्यांची बेरीजही 20 वर येईल. उत्तर पुन्हा 0.6. त्याच सहा महिन्यांत 10 स्वच्छ, म्हणजे एकही नोंद नसलेल्या, तपासण्या झाल्या असत्या, तर 12 भागिले 50, म्हणजे 0.24.

माझ्या मते कंपनीच्या मालकाने लक्षात ठेवावी अशी हीच गोष्ट आहे. आकडा उतरवायचं काम स्वच्छ तपासण्या करतात. पुष्कळ डिस्पॅचर (ट्रकची कामं आणि मार्ग ठरवणारे) तपासणी टाळण्यासाठी, जिथे ती होते तो वजनकाटा चुकवणारे रस्ते सुचवतात आणि त्यातून कंपनीचंच नुकसान करतात. कागद आणि ट्रक नीट असेल तर तपासणी होऊ द्या, आणि अहवालात एकही नोंद नसेल तर तो खात्यात दिसतो का हे नंतर आवर्जून बघा.

या उत्तरावरून, साधारण तेवढ्याच तपासण्या झालेल्या कंपन्यांच्या तुलनेत 0 ते 100 असा क्रमांक निघतो. सामान्य मालवाहू कंपनीसाठी धोक्याची रेषा 80, घातक माल नेणाऱ्यांसाठी 75, प्रवासी वाहतुकीसाठी 65. पाचपेक्षा कमी तपासण्या असतील तर क्रमांक लागतच नाही. गटातल्या सगळ्या नोंदी बारा महिन्यांहून जुन्या असतील आणि शेवटची तपासणी स्वच्छ असेल, तरीही कंपनी क्रमवारीतून बाहेर पडते. ही पद्धत सुटसुटीत करून वजनं फक्त 1 आणि 2 ठेवण्याचा बदल नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेला आहे, म्हणून कुठलाही हिशेब मांडण्यापूर्वी कोणती पद्धत लागू आहे ते बघा.

रेषा ओलांडली म्हणजे कंपनीचं ‘सेफ्टी रेटिंग’ आपोआप घसरतं असं नाही. ते प्रत्यक्ष चौकशीनंतरच ठरतं. पण इशाऱ्याचं पत्र आणि ती चौकशी, दोन्हींची शक्यता वाढते. मालवाहू कंपन्यांचा क्रमांक 2015 च्या कायद्यापासून लोकांना दिसत नाही, मात्र नोंदी आणि आउट ऑफ सर्व्हिसचं प्रमाण दिसतं. माल मिळवून देणारे ब्रोकर आणि विमा कंपन्या तेच बघतात.

नोकरी देण्याआधी तपासा

रस्त्यावर इन्स्पेक्टर जे विचारेल तेच ऑफिसात विचारा: कुठून निघालात, माल काय आहे, किती तास चालवलंत, हा कागद कशाचा. मग पाट्या दाखवा. तारीख आणि उत्तरं लिहून फाइलला लावा. ही चाचणी सगळ्यांना सारखीच घ्या, फक्त विशिष्ट नावाच्या किंवा दिसण्याच्या माणसांना नको. उच्चारावरून कुणाला नाकारू नका. पंजाबी किंवा मराठी वळणाची इंग्रजी ही कमी इंग्रजी नव्हे, आणि मूळ देशावरून भेदभाव केल्यास कायदा कंपनीलाच धरतो. अडणाऱ्याला दोन-तीन आठवडे रोज अर्धा तास सराव द्या. माणूस मेहनती असेल तर त्याला काढण्यापेक्षा शिकवणं मला केव्हाही योग्य वाटतं.

ड्रायव्हरचा पीएसपी नावाचा सरकारी अहवालही मागवा. त्यात ड्रायव्हरच्या मागच्या तीन वर्षांच्या तपासण्या दिसतात.

नोंद झालीच तर

थांबवलेल्या ड्रायव्हरला ‘थोडं पुढे नेऊन लाव’ असं फोनवर कधीही सांगू नका. आदेश मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्याच वेळी त्याचं व्यापारी लायसन्स किमान 180 दिवस निलंबित होतं आणि जाणूनबुजून तसं करू देणाऱ्या मालकालाही वेगळा दंड होतो.

तपासणीचा अहवाल त्याच दिवशी मागवा. नंबर दुसऱ्याच कंपनीचा पडला असेल किंवा मुलाखत न घेताच शेरा मारला असेल, तर डेटाक्यूज या सरकारी पोर्टलवर पुराव्यासह फेरतपासणी मागा. चलन न्यायालयात रद्द झालं असेल तर निकालाची प्रत जोडून नोंद काढून टाकायची विनंती करता येते. नोंद खरी असेल तर तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

त्यानंतर कॅलेंडरवर तपासणीच्या तारखेपासून सहा, बारा आणि चोवीस महिन्यांच्या तीन खुणा करा. एसएमएसचे आकडे महिन्यातून एकदा बदलतात. त्या दिवशी खातं उघडून वरचा भागाकार पुन्हा मांडा आणि गेल्या महिन्यात स्वच्छ तपासण्या किती झाल्या ते शेजारी लिहा.