पावसाआधी गोबरगॅसकडे एकदा बघा

मृग दारात आलाय. बियाणं आणि नांगराची तयारी सगळेच करतात, गोठ्यामागचा गोबरगॅस मात्र विसरला जातो. खरी गरज त्याची पावसातच असते. लाकडं भिजतात, चूल धुमसत राहते आणि तो धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो.

२ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. आपली कोकण कपिला गाय अंगाने लहान, म्हणून जनावरं मोजू नका, शेणाची घमेली मोजा. एरवी जेवढं शेण तेवढं पाणी. पण हिरवा चारा सुरू झाला की शेण पातळ पडतं, तेव्हा पाणी कमी करा. काला हातात घेऊन बघा. पातळ पिठल्यासारखा ओघळला तर बरोबर, आमटीसारखा पळाला तर पाणी जास्त झालं. गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी आत जाऊ देऊ नका, गॅस करणारे जिवाणू त्याने मरतात. ज्योत फडफडायला लागली तर नळीत पाणी साठलंय, सखल जागेचा कॉक उघडून ते काढा. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं, म्हणून घुमटाची टाकी या दिवसांत रिकामी करू नका. खालच्या दाबाने ती तडकते.

आता स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर संयंत्रातून बाहेर पडणारा शेणकाला. शेणी जाळल्या की नत्र धुरात जातं; गोबरगॅसमध्ये इंधन मिळतं आणि नत्र जवळजवळ सगळं स्लरीत राहतं. राब भाजण्यात, म्हणजे भाताच्या रोपांची जागा शेण-पाल्याने भाजण्यात, शेण घालवू नका म्हणतो ते यासाठीच. गेल्या वर्षी आमच्या स्लरीच्या खड्ड्यावर छप्पर नव्हतं. पहिल्याच झडीत काळं पाणी बांधावरून व्हाळात (ओढ्यात) गेलं, वर्षभराचं खत डोळ्यांदेखत वाहिलं. यंदा खड्ड्याभोवती मातीचा वीतभर उंच बांध घातलाय. आत पातेऱ्याचा (सुक्या पानांचा) थर, त्यावर स्लरी, पुन्हा पातेरा, असं भरत जायचं. भाताला ती चिखलणीच्या वेळी द्या. आषाढाच्या मुसळधार पावसात कलमांना ओतू नका, जांभ्या जमिनीतून ती झरून जाते.

सौरपंप असेल तर पॅनेलच्या सांगाड्याचे नट आवळा, खाऱ्या हवेने गंजलेले बदला. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पावसाच्या तोंडावरच आलं होतं.

खड्ड्यावरच्या छपराची झापं (माडाच्या झावळ्यांची) आताच विणून घ्या. तरवा (भाताची रोपं) लावणीला आला की त्या कामाला माणूस मिळत नाही.