मोठ्याचा अभ्यास आणि धाकटीची लुडबुड: घरी शिकवताना या चुका टाळा

साडेदहा वाजतात, मोठ्याचे अपूर्णांक सुरू होतात आणि बरोब्बर तेव्हाच धाकटीला शू लागते, मग भूक लागते, मग दादाच्याच हातातली पेन्सिल हवी असते, आणि अकरा वाजेपर्यंत वहीत एक गणित आणि घरात दोन रडणारी मुलं. ज्यांच्या घरी मोठ्याचं होमस्कूलिंग चालू आहे आणि सोबत तीन-चार वर्षांचं पिल्लू आहे त्यांना हे चित्र नवीन नाही. आमचं मुलुंडला वन बीएचके, मोठा दहा वर्षांचा, मुक्त विद्यालयाच्या म्हणजे एनआयओएसच्या ओपन बेसिक एज्युकेशन (ओबीई) बी लेव्हलची तयारी करतोय (ती पाचवीच्या बरोबरीची धरतात), आणि धाकटी साडेतीन. दोन वर्षं झाली. ज्या चुकांनी आमचे महिनेच्या महिने चिडचिडीत गेले त्या सांगते, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

आधी मोठ्याचं उरकू, मग तुझ्याकडे बघते

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आपण सगळ्याच करतो कारण मोठ्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो आणि धाकटी काय, खेळेल. पण ती सकाळपासून बघत असते की आई डबा करतेय, आई भांडी आवरतेय, आणि आता आई दादाजवळ बसली, म्हणजे आता माझा नंबर लागायलाच पाहिजे. तिचा नंबर लागत नाही तोवर ती कशातच रमत नाही, तुम्ही कितीही भारी खेळ पुढ्यात ठेवा. आम्ही क्रम उलटा केला. नाश्त्यानंतर पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त तिची. फोन दुसऱ्या खोलीत, मी जमिनीवर बसते आणि ती म्हणेल ते करायचं, भातुकली तर भातुकली, तेच गोष्टीचं पुस्तक चौथ्यांदा तर चौथ्यांदा. तेवढ्या वेळात मोठा शुद्धलेखन, पाढे किंवा वाचन असं एकट्याने जमणारं काम करतो. मग शू, पाणी, हातात केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि त्यानंतर गणित. रडारड पूर्ण थांबली असं म्हणणार नाही पण निम्म्याहून कमी झाली, आणि ती पहिल्याच आठवड्यात.

याच्याच जोडीला एक अपेक्षा कमी करा. तीन-साडेतीन वर्षांचं मूल एका गोष्टीत आठ-दहा मिनिटं रमलं तरी पुष्कळ झालं. आपण तासाभराचा प्लॅन करतो आणि ती दहाव्या मिनिटाला उठली की आपल्याला वाटतं हिचं काहीतरी चुकतंय. तिचं काही चुकत नाहीये. मोठ्याला समजावून सांगायचं काम पंधरा मिनिटांच्या तुकड्यात बसवा, मधे दोन मिनिटं तिच्याकडे वळा, पुढचं काहीतरी हातात द्या, परत या.

सगळी खेळणी बाहेर

छोट्या घरात तर हे फारच नडतं. बादलीभर खेळणी लादीवर ओतली की पाच मिनिटांत पसारा होतो आणि खेळणं शून्य. आम्ही चार जुने डबे घेतले आणि दिवस वाटून दिले. एकात लाकडी ठोकळे, एकात कपड्यांचे तुकडे आणि चिमटे, एकात जुन्या लग्नपत्रिका, मुलांची बोथट कात्री आणि खळ, एकात मीठ-हळद घालून मळलेला कणकेचा गोळा (हा मात्र फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत वास मारतो). डबा फक्त दादाच्या अभ्यासाच्या वेळेलाच उघडतो, एरवी कपाटाच्या वरच्या फळीवर. रोज दिसत नाही म्हणून त्याची ओढ टिकते. महागडे अ‍ॅक्टिव्हिटी किट मीही मागवले होते, त्यातला एकही पंधरा दिवसांच्या पुढे चालला नाही, आणि आजही तिला सगळ्यात जास्त काय आवडतं तर मटार सोलणं आणि लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करणं.

ओट्यावर ठेवलेल्या डाळी-कडधान्यं आणि बादलीतलं पाणी

इथे जरा थांबून नीट वाचा. इंटरनेटवर सगळीकडे दिसतं की राजमा, चणे, मणी द्या, मुलं वाटीतून वाटीत भरत तासभर बसतात. बसतात खरी. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हे अजिबात देऊ नका, आणि तीन-चारच्या मुलालाही तुमची नजर तिच्यावर असेल तेव्हाच द्या, म्हणजे मोठ्याला भागाकार शिकवताना नाही. आमच्याकडे तेच झालं, मी वहीत बघत होते आणि हिने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला. दाणा ओलसर जागी फुगतो आणि अजून घट्ट बसतो, त्यामुळे चिमट्याने किंवा बोटाने ओढायला जाऊ नका, सरळ डॉक्टर गाठा. आम्हीही तेच केलं आणि निभावलं, पण ती दुपार मी विसरणार नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे या वयात घशात अडकू शकतात. रिमोटमधल्या किंवा खेळण्यातल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर सगळ्यात वाईट, मुलाने गिळलीय अशी शंका जरी आली तरी वाट न बघता हॉस्पिटल.

पाण्याचंही तसंच. मोरीत फुलपात्र आणि गाळणी घेऊन खेळायला मुलांना प्रचंड आवडतं, पण भरलेल्या बादलीजवळ लहान मूल एक मिनिटही एकटं नको. परातीत दोन तांब्ये पाणी, खाली जुना टॉवेल आणि परात तुमच्या पायाशी, बस. आणि खिडकीला ग्रिल असली तरी खिडकीखाली स्टूल, सोफा ठेवू नका, आपल्याकडे आठव्या-दहाव्या मजल्यावर राहणारे कितीजण आहेत.

धाकटीलाही अभ्यासाला बसवणं

दादा लिहितोय तर हीपण लिहू दे, म्हणून मी वर्कशीटची चळत प्रिंट करून आणली होती, ठिपके जोडा, अ गिरवा. पहिले दोन दिवस मजा आणि मग पेन्सिल बघितली की पळ. या वयात हाताची बोटंच तयार झालेली नसतात, ती कणीक मळून, चिमटे लावून, कागद फाडून तयार होतात. आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि तिथे मुलं पानं, बिया, शिंपले अशा आजूबाजूच्या गोष्टींनीच खेळत शिकली. बोर्डी-कोसबाड आपल्या पश्चिम रेल्वेच्या टोकाला, डहाणूकडे. तिथे बाजारातलं महागडं सामान नव्हतं आणि तरी झालं, मग आपल्याला कशाला हवं.

तिला दादाच्या विषयात बसवा, फक्त तिच्या पद्धतीने. दादा बीज अंकुरण शिकतोय तर दोघांनाही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरायला द्या, दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, दादा रोज स्केलने मोजून लिहितो आणि ती पाणी शिंपडते. अपूर्णांकाच्या दिवशी पोळीचे चार भाग तीच करते. तिला टेबलाशी जागा मिळाली की टेबलावर चढायची गरज उरत नाही.

मोबाईल

पाच मिनिटं म्हणून दिलेला मोबाईल पाऊण तास जातो आणि काढून घेताना जो तमाशा होतो त्यात उरलेला अभ्यास बुडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी असेल तर अजून चांगलं. मी अजिबात देत नाही असं नाही, ताप आला, पाहुणे आले तर लागतो. पण अभ्यासाची वेळ म्हणजे मोबाईलची वेळ हे एकदा जुळलं की सुटता सुटत नाही.

न पळवताच बसवणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १८० मिनिटं हालचाल सांगितलीय. चारशे स्क्वेअर फुटात ती कुठून होणार, म्हणून ऊन चढायच्या आधी आठ वाजता अर्धा तास खाली, गाड्या नसलेल्या कोपऱ्यात. जिने चढत वर यायचं, लिफ्ट नाही. पावसाळ्यात गादी खाली टाकून कोलांट्या आणि उशांवरून उड्या, पण हे सकाळी लवकर नको आणि दुपारी एक ते चार तर नकोच, खालच्या काकूंची झोपायची वेळ असते, त्यांच्याशी एकदा बोलून घ्या. सकाळी पळून आलेलं मूल अकरा वाजता बसतं, न पळालेलं मूल अकरा वाजता सोफ्यावरून उड्या मारतं.

आणखी दोन गोष्टी पटकन. तिच्या दुपारच्या झोपेत भांडी, कपडे काढू नका, मोठ्याचा सगळ्यात अवघड विषय त्या तासात घ्या, भांडी ती जागी असतानाही होतात, उलट ती मदतीला येते. आणि दादाला आया बनवू नका. पंधरा मिनिटं त्याने तिला गोष्ट वाचून दाखवली तर त्याचंही वाचन होतं, पण रोज तिला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर टाकली की तो आधी तिच्यावर चिडतो, मग अभ्यासावर.

हे सगळं करूनही काही दिवस काहीच चालत नाही. दात, सर्दी, झोप कमी झालेली, कारण काहीही असेल. त्या दिवशी आम्ही वह्या बंद करतो, मोठा ऑडिओ गोष्ट ऐकतो, दोघं मिळून चित्र काढतात, आणि गणित रात्रीवर जातं. साडेआठला यांची लोकल आली की हे बॅग ठेवून धाकटीला कडेवर घेऊन कोथिंबीर आणायला खाली जातात, तेवढी पंचवीस मिनिटं मी आणि मोठा, टेबलावर एक वही, आणि पाच गणितं होतात.