पद्मिनीच्या फ्लोअरला आणि डिकीला अँटी-रस्ट मारताय? या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दारांखालचे सिल आणि डिकीचा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे इथला गंज हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. जॅक लावला की पत्रा आत चेपतो, दार उचलून लावावं लागतं, इथपर्यंत मजल जाते. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट म्हणून सुरू झालेली आणि 1974 पासून पद्मिनी नावानं विकली गेलेली ही गाडी ज्यांनी जपून ठेवली आहे, ते कधी ना कधी फ्लोअरला कोटिंग मारतातच. आणि पुष्कळदा एकदोन पावसाळ्यांत ते पापुद्र्यानं सुटून येतं. मग डब्याला शिव्या बसतात. डबा बहुधा निर्दोष असतो.

पाणी कुठून येतंय ते न बघता ब्रश हातात घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फ्लोअरला वरून लागलेला गंज म्हणजे गाडीत पाणी शिरतंय, आणि कोटिंग हा गळतीवरचा उपाय नाही. मॅट आणि त्याखालचा नमदा काढून बाहेर टाका. नमदा वरून कोरडा लागला तरी खालून आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मग एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून मगानं पाणी सोडायचं. सुरुवात खालून करा: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेच्या रबराचे खालचे कोपरे, मग वायपरचे दांडे, शेवटी छताची पन्हळ. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळतच नाही. प्रेशर वॉशर तर अजिबात नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

डिकीत संशयित ठरलेले आहेत: झाकणाचं रबर, टेललाइटखालची गॅस्केट आणि वायर जिथून आत येते तिथलं ग्रोमेट (भोकात बसवलेली रबराची कडी). रबर नीट दाबलं जातंय का हे बघायला त्यावर टाल्कम पावडर लावून झाकण बंद करा आणि उघडा. समोरच्या कडेवर पावडरची रेघ जिथे तुटलेली दिसेल, तिथून पाणी येतं. गळती बुजवायला बाथरूमचं सिलिकॉन आणू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, त्यानं पत्रा उलट गंजतो, आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे कुठलाही रंग धरत नाही. सांध्यांना पीयू सीम सीलर (पत्र्यांचे सांधे बुजवायची पॉलियुरेथेनची पेस्ट) वापरा, तोही प्रायमर वाळल्यावर.

वायर ब्रशनं चकचकीत केलं म्हणजे साफ झालं, असं समजणं

ग्राइंडरला कप ब्रश लावला की गंज तपकिरी आरशासारखा चमकायला लागतो. बघायला छान, पण तो गंज निघालेला नसतो, घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर कोटिंगला पकड मिळत नाही. सुटे पापुद्रे आधी छिन्नीनं किंवा पत्रीनं खरवडून काढा, मग ब्रश, आणि शेवटी 80 नंबरचा पॉलिश पेपर, पत्र्यावर ओरखडे दिसेपर्यंत. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात टोचून बघा. आरपार गेलं तर तिथे पत्रा बदलायचा, कोटिंग मारायचं नाही. फायबरची पट्टी, एम-सील किंवा लांबी (पुटी) भरून वरून काळं फासणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. ते भोक झाकतात, ताकद परत आणत नाहीत. वेल्डिंग करायची वेळ आलीच तर पेट्रोलची टाकी मागेच आहे हे कारागिराला आठवण करून द्या आणि ती आधी उतरवून घ्या.

रस्ट कन्व्हर्टरबद्दलही मोठा गैरसमज आहे. टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेलं हे द्रव पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर काम करतं आणि तो निळसर काळा पडतो. जाड खपलीवर मारलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज खुशाल चालू राहतो. आम्लाचा शिल्लक अंश पत्र्यावर राहिला तर त्यावर इपॉक्सी प्रायमर नीट वाळत नाही. म्हणून पुढचा रंग कुठला, हे आधी ठरवा आणि दोन्ही डब्यांवरच्या सूचना एकमेकींशी जुळतात का ते बघा.

समुद्राजवळच्या गाड्यांत आणखी एक भानगड असते: मीठ. पत्र्यावर मीठ राहिलं की ते कोटिंगमधूनही ओलावा ओढतं आणि खाली पाण्याचे फोड येतात. घासकाम झाल्यावर फ्लोअर गोड्या पाण्यानं धुवा, बोअरच्या खाऱ्या पाण्यानं नाही. ताबडतोब पुसून ब्लोअरनं वाळवा, कारण उघड्या पत्र्यावर दमट हवेत तासाभरात लाली चढते.

पावसाळ्यात काम काढणं

मुंबई-कोकणात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव बनतं त्यापेक्षा) निदान 3 अंश सेल्सिअसनं जास्त हवं, हा रंगकामातला जुना नियम. पहाटे थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसलेला असतो, तेव्हा ऊन चढल्याशिवाय डबा उघडू नका.

आता गंमत अशी की पीओआर-15 सारखी, हार्डनर न मिसळता एकाच डब्यातून वापरायची युरेथेन कोटिंग हवेतल्या ओलाव्यानंच कडक होतात. म्हणून ‘दमट हवा चांगलीच’ असं काही जण ठोकून देतात. पण ओलावा फार असला आणि थर जाड असला, तर आत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड अडकतो आणि पृष्ठभागावर बुडबुडे राहतात. पातळ थर द्या. दुसरा थर पहिला बोटाला जरासा ओढ देतो, त्या टप्प्यावर. पूर्ण कडक झाला असेल तर पेपर मारल्याशिवाय दुसरा थर धरणार नाही. या कोटिंगला ऊन सोसत नाही, त्यामुळे गाडीच्या उघड्या भागावर वरून दुसरा रंग लागतोच. फ्लोअर मॅटखाली असल्यानं तिथे चालून जातं.

या युरेथेन कोटिंगमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. डिकीत डोकं घालून काम करताना कापडी मास्क कामाचा नाही, ऑर्गॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क लावा आणि दारं उघडी ठेवा. गनने फवारणं घरी करूच नका. हातमोजे घाला, कातडीवर वाळलेला डाग थिनरनंही निघत नाही. डब्याच्या तोंडाशी रंग लागू देऊ नका, आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर डबा पुन्हा उघडणार नाही.

रेड ऑक्साइड मारून सोडून देणं हीदेखील नेहमीची चूक. तो प्रायमर आहे, ओलावा शोषतो, वर रंग नसेल तर काही महिन्यांचा पाहुणा. आणि गाडीखाली जळकं इंजिन ऑइल फवारण्याची जुनी पद्धत आता सोडलेलीच बरी: रबराचे बुश फुगतात, धूळ चिकटते आणि पुढे कोटिंग करायचं म्हटलं तर ते तेल निघता निघत नाही. गंजावर थेट डांबरी अंडरकोट मारणं त्याहून वाईट, कारण आतली कुज वर्षभर दिसत नाही.

मारून झाल्यावर काही बिघडलं तर

मोठ्या तुकड्यांनी सुटत असेल आणि तुकड्याची खालची बाजू स्वच्छ असेल, तर पृष्ठभाग गुळगुळीत किंवा तेलकट राहिला होता. खालच्या बाजूला गंजाची पूड चिकटून आली तर खपली नीट काढली नव्हती. फोड फोडल्यावर पाणी निघालं तर मीठ किंवा ओल. दोन पत्र्यांच्या सांध्यातूनच तांबूस ओघळ येत असेल तर ब्रश तिथे पोहोचलाच नाही. सिल आणि चॅनलच्या आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत पसरणारं पातळ मेण) नळीनं फवारावं लागतं, कोटिंग तिथे जात नाही. पेडलखालचाच रंग मऊ होऊन सुरकुतला असेल तर फ्लोअरला दोष देऊ नका, ब्रेक ऑइलची गळती शोधा. आणि डिकीत पाणी साचून राहू लागलं असेल तर आधी निचऱ्याची भोकं तपासा. कोटिंग मारताना ती बुजलेली असण्याचीच शक्यता जास्त. पुढच्या वेळी त्यांत ग्रीस लावलेले बोल्ट अडकवून ठेवा आणि कोटिंग कडक व्हायच्या आत काढून घ्या.