परसबागेतला लसूण: पान पिवळं पडलं की पाणी तोडा

थंडीत लावलेल्या लसणाला चार महिने होत आले असतील आणि खालची दोन-तीन पानं शेंड्याकडून वाळायला लागली असतील, तर आजपासून पाणी बंद. वाफा असो की कुंडी.

परसबागेतला लसूण बहुतेक याच दिवसांत हातचा जातो. पान पिवळं दिसलं की वाटतं, झाड तहानलंय. मग झारीभर पाणी आणि वर चिमूटभर युरिया. खाली गड्डा भरून बसलेला असतो. त्याला ओल मिळत राहिली की बाहेरचे पापुद्रे काळे पडून कुजतात, पाकळ्या सुट्या होतात, एकेकीला कोंब येतो. असा लसूण उपटताना पात हातात येते आणि गड्डा मातीतच राहतो. उकरून काढला तरी साठवणुकीच्या कामाचा नाही.

लागवडीनंतर महिना-दीड महिन्यात पिवळेपणा आला तर गोष्ट वेगळी. तिथे पाण्याचा निचरा आणि नत्र बघा. पानांवर चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे आहेत.

काढणीआधी २ ते ३ आठवडे पाणी तोडायचं. कुंडीतली माती लवकर सुकते, तिथे दहा-बारा दिवसही पुरतात असा माझा ठोकताळा. वाफ्याच्या कडेचा लसूणही आतल्यापेक्षा आधी तयार होतो, म्हणून नमुन्याचा गड्डा मधला उकरा. पाकळ्या बाहेरून हाताला जाणवत असतील आणि पापुद्रे शाबूत असतील तर काढा. निम्मी पानं वाळलेली, वरची चार-पाच हिरवी, ही वेळ बरोबर. प्रत्येक हिरव्या पानामागे गड्ड्यावर एक चांगला पापुद्रा असतो. सगळी पात वाळायची वाट पाहिली तर पापुद्रेच उरत नाहीत.

आभाळ भरून येत असेल तर हे सगळं मोजमाप सोडा. दोन दिवसांत पाऊस दिसत असेल तर थोडा कोवळा असला तरी काढून घ्या आणि तोच आधी खा.

याच सुमारास दुकानदार 'गड्डा फुगवायचं' टॉनिक पुढे करतो. घेऊ नका. पानं वाळायला लागल्यावर फुगायचं ते फुगून झालेलं असतं. करप्यासाठी (पानांवरचा बुरशीचा रोग) मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची शिफारस लिटरला २.५ ग्रॅम अशी आहे, पण ती वाढीच्या काळातली. काढणीच्या तोंडावर फवारून स्वतःच्याच ताटात कशाला आणायचं?

पुढच्या हंगामासाठी नेहमीची कामं:
- पाकळ्या मोठ्या, न सोललेल्या. टोक वर, ५ सेंमी खोल
- अंतर १५ × १० सेंमी
- कुजलेलं शेणखत चौरस मीटरला २ किलो
- नत्र हेक्टरी १०० किलोच्या हिशेबाने चौरस मीटरला १० ग्रॅम (युरिया साधारण २२ ग्रॅम). निम्मं लावताना, निम्मं महिन्याने, त्यानंतर नाही
- तण हातानेच. मुळं वरवर असतात
- फुलकिड्यांना ५ टक्के निंबोळी अर्क

काढताना पात धरून ओढू नका, बाजूने खुरप्याने माती सैल करा. धुऊ नका. पात कापू नका. उन्हात पसरू नका, गड्डे भाजतात. पातीसकट दहा-पंधराच्या जुड्या बांधून सावलीत, वारा लागेल अशा जागी २ ते ३ आठवडे टांगा. मान चिमटीत दाबून बघा: आत ओलसर, घसरती लागली तर अजून राहू द्या. करकरीत वाळली की गड्ड्यावर २ सेंमी देठ ठेवून कापा आणि मुळं छाटा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या लसणाला बुरशी येते, फ्रिजमधल्याला कोंब फुटतात. जाळीची पिशवी किंवा टोपली बरी. बियाण्यासाठी सगळ्यात मोठे, घट्ट गड्डे आत्ताच वेगळे काढा, नाहीतर स्वयंपाकात तेच आधी संपतात.